जपानी वाडग्यातील शेवया

नूडल हा शब्द आता आपल्याकडील पोरासोरांच्याही तोंडी आहे. नूडल म्हणजे आपल्या शेवईची परदेशी बहीण. ती झटपट कशी झाली, याची हकिगत मात्र भुकेची आहे. आज आम्ही ती श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

शेवयांचे साधे सूप जपानी गृहिणीला नवे नव्हते. गव्हाच्या जाड 'उदोन' शेवया, कुट्टूच्या पिठाच्या 'सोबा' शेवया आणि त्यांवर 'दाशी' नावाचे पाणी, एवढाच तिचा संसार. दाशीची कृती सोपी आहे. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेले समुद्रशैवाल, अर्धा तास भिजवावे. मंद आचेवर पाणी तापवून उकळी फुटण्याच्या आत ते काढून घ्यावे, नाहीतर उग्र वास उतरतो. मग वाळवलेल्या कात्सुओ माशाचा वीसेक ग्रॅम कीस टाकून दोन मिनिटांनी गाळावे, सोया सॉस घालावा. शेवया वेगळ्या शिजवाव्यात. एकत्र शिजवल्या तर पाणी गढुळते. या कोंबूची चव कशात आहे, हे टोकियोच्या इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली शोधले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले.

रामेनची गोष्ट निराळी. ते मूळ चिनी. पापडखारासारख्या क्षाराच्या पाण्यात मळलेल्या शेवया आणि हाडे तासन्‌तास उकळून काढलेला रस, हा घरच्या चुलीचा उद्योग नव्हे. टोकियोच्या असाकुसा भागात 1910 साली निघालेल्या राइराइकेन या दुकानाने ते लोकप्रिय केले, तरी ते दुकानाचे आणि गाड्यावरचेच खाद्य राहिले.

1945 साली जपान हरले. शहरे बेचिराख, भात दुर्मिळ. ओसाकातील एका काळ्या बाजारात रामेनच्या एका गाड्यापुढे थंडीत लागलेली रांग मोमोफुकु आंदो यांनी पाहिली. पुढे अमेरिकेचा गहू आला आणि सरकारने पावाचा पुरस्कार चालविला. शेवया खाणाऱ्या लोकांना पाव कशासाठी, असा आंदोंचा सवाल होता. तो आम्हांला रास्त वाटतो. पोट भरणाऱ्याने ताटही आपलेच मांडावे, हा उपकार जरा महागच म्हणायचा.

तैवानात 1910 साली जन्मलेल्या या गृहस्थाचे भांडवल एका पतसंस्थेच्या दिवाळ्यात बुडाले होते. ओसाकाजवळील इकेदा गावी परसातल्या खोपटात ते प्रयोग करीत बसले. खरी अडचण शेवया वाळवून टिकविण्याची होती. पत्नीला तेंपुरा तळताना पाहून युक्ती सुचली, असे सांगतात. तेलात पडताच शेवईतील पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. पुढे उकळते पाणी त्याच वाटांनी आत शिरते आणि शेवई मऊ होते.

25 ऑगस्ट 1958 रोजी 'चिकिन रामेन' बाजारात आले. किंमत 35 येन. ताज्या उदोनपेक्षा कितीतरी महाग. भुकेल्यांसाठी योजिलेली वस्तू अशी महागाईतच जन्मली! तरीही ती खपली. हाडांचा रस शेवयांतच मुरविलेला होता. वर गरम पाणी ओतले की काम झाले. वेळ वाचला, सरपण वाचले. पण कोंबू केव्हा काढायचे हे जाणणाऱ्या हाताला तिथे काम उरले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

तो हात अगदीच स्वस्थ बसला असे नाही. घरोघरी त्या शेवयांवर कच्चे अंडे फोडून घालीत, पण ते घरंगळे. अखेर 2003 साली कंपनीने शेवयांच्या वडीवर अंड्यापुरती एक खळगी पाडून दिली.