नाणेघाटातील अक्षरे आणि मोटारीतील फोन

जुन्नरहून पश्चिमेला निघाले की जीवधनच्या पायथ्याशी घाटघर लागते आणि त्यापुढे नाणेघाट. शाळेची सहल घेऊन आम्ही दोघे शिक्षक तेथे निघालो असता वाटेत एक घोटाळा झाला. भाड्याच्या गाडीच्या चालकाने नुकताच नवा फोन घेतला होता आणि तो गाडीतील पडद्याशी काही केल्या जुळेना. पावसाळी दिवस, वळणांचा रस्ता आणि चालकाचे एक बोट सारखे पडद्यावर. शेवटी आम्ही त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली. तोच मागच्या बाकावरून नववीतल्या एका मुलाने निकाल दिला, "इथे रेंजच नाही सर, जुळणार कसा?"

निकाल चुकीचा होता. फोन आणि गाडी यांचे बोलणे चालते ते ब्लूटूथने, आणि त्याला मनोऱ्याची गरज नसते. दोन उपकरणे जेमतेम दहा मीटरच्या आत परस्परांशी थेट बोलतात. वर्गात हे सहज दाखवता येते. फोन विमानप्रवासाच्या स्थितीत ठेवावा, म्हणजे मनोऱ्याशी संबंध तुटतो. मग फक्त ब्लूटूथ चालू करून फोनमध्ये साठवलेले गाणे बिनतारी स्पीकरवर लावावे. गाणे वाजते.

हे बोलणे ज्या लहरींवर चालते त्यांचा इतिहास गावच्या गायरानासारखा आहे. रेडिओलहरींचे बहुतेक पट्टे कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असतात: आकाशवाणी, पोलीस, विमाने, दूरध्वनी कंपन्या. १९४७ साली अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा वस्तू तापवण्यासारख्या औद्योगिक कामांसाठी बाजूला काढला गेला. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. संदेशवहनाच्या दृष्टीने ही जमीन जवळजवळ पडीक. १९८५ साली अमेरिकेने तेथे विनापरवाना संदेश पाठवायला मुभा दिली, मात्र संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवण्याच्या अटीवर. भारतात २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली.

गायरानात सगळ्यांचीच गुरे. मग गोंधळ कसा टाळायचा? ब्लूटूथने या पट्ट्याचे ७९ अरुंद भाग पाडले आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारायचे ठरवले. दोन्ही उपकरणांना उड्यांचा क्रम ठाऊक असतो. एखाद्या भागात दुसऱ्याचा गलका असला तरी पुढची उडी मोकळ्या जागी पडते. अशा उड्यांची कल्पना जुनी आहे. चित्रपटतारका हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली पाणतीराच्या नियंत्रणासाठी तिचे एकस्व घेतले होते. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, वारंवारता होत्या. 'ब्लूटूथ हेडी लामारने शोधले' असे हल्ली सर्रास छापले जाते. ते अतिशयोक्तीचे आहे. ब्लूटूथचे काम १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत सुरू झाले.

आमच्या मुलांना मात्र रस वाटला तो नावात. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे टोपणनाव 'निळा दात'. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणून इंटेलमधील जिम कार्डाक यांनी हे नाव तात्पुरते सुचवले, आणि १९९८ साली कंपन्यांचा संघ स्थापन झाला तेव्हा तेच कायम झाले. फोनवरील निळी खूण म्हणजे रून लिपीतील राजाची दोन आद्याक्षरे, एकमेकांत गुंतवलेली. हॅराल्डने येलिंग येथे उभारलेल्या शिळेवरचा लेख याच लिपीत आहे. नाणेघाटातील गुहेत आम्ही मुलांना राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख दाखवला, यज्ञांतील दक्षिणेचे आकडे शोधायला लावले, आणि मग फोनवरची खूण पाहायला सांगितली. शिलालेखातील अक्षरे आपण खिशात घेऊन हिंडतो, हे कळल्यावर मुले गुहेत जरा अधिक वेळ रेंगाळली.

असो. लहरी ठीक, मग घाटघरच्या रस्त्यावर फोन का जुळला नाही? पुष्कळदा दोष लहरींत नसतो, ओळखीत असतो. दोन उपकरणे पहिल्यांदा भेटतात तेव्हा एक गुप्त किल्ली तयार करून दोघेही आपापल्या स्मरणात ठेवतात. पुढच्या वेळी त्या किल्लीवरून ओळख पटते. पूर्वी यासाठी चार आकडे टाकावे लागत, आणि ते बहुधा ०००० किंवा १२३४ असत, म्हणजे कुलूप असून नसल्यासारखे! २००७ साली पद्धत बदलली. आता दोन्ही पडद्यांवर दिसणारे सहा आकडे सारखे आहेत ना, एवढेच बघायचे. दोहोंपैकी एकाने किल्ली विसरली आणि दुसऱ्याने धरून ठेवली, तर ओळख पटत नाही. उपाय म्हणजे दोन्हीकडची जुनी नोंद पुसून पुन्हा पहिली भेट घडवणे. एकाच बाजूची पुसली तर भांडण तसेच राहते.

आमच्या गाडीत आणखी एक गोष्ट निघाली. पडद्यावरील यादी अनोळखी फोनांनी भरली होती, नव्याला जागाच नव्हती. पूर्वीच्या प्रवाशांनी आपापले फोन जोडले आणि तसेच निघून गेले. काहींच्या नावापुढे दूरध्वनींची वहीसुद्धा उघडत होती: आई, डॉक्टर, बँक. मुलींपैकी एकीने "हे वाचायचं नाही" म्हणून पडद्यावर हात ठेवला, ते आम्हांला फार आवडले. भाड्याची गाडी सोडताना किंवा जुनी विकताना आपली नोंद पुसावी, हे वाहन चालवायला शिकवणारे कोणी सांगत नाही.

कधी ओळख पटते, पण काम अर्धेच होते. बोलणे ऐकू येते, गाणी नाहीत. कारण संभाषण आणि संगीत यांचे करार वेगळे आहेत. फोनच्या ब्लूटूथच्या नोंदीत दोन्ही चालू आहेत का ते पाहावे. कारप्ले (२०१४) आणि अँड्रॉइड ऑटो (२०१५) यांत फोनचा पडदाच गाडीत दिसतो. तारेने जोडताना फसगत होते ती तारेची: साध्या यूएसबी तारेत चार धागे, दोन विजेचे, दोन माहितीचे. स्वस्त तारेत नुसते विजेचे असू शकतात. फोन भरतो, जोडला मात्र जात नाही. बिनतारी जोडणीत पहिली ओळख ब्लूटूथ करून देतो आणि पडदा वाहून नेतो वाय-फाय. फोनचे वाय-फाय बंद असले की गाडी अडली.

वाय-फायचे एक नाते जुन्नर तालुक्याशी पोचते. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप १९५३ साली ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेत रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेले. त्याच संस्थेतील जॉन ओ'सलिव्हन यांनी पूर्वी कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधताना वापरलेले गणित पुढे खोलीच्या भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी निस्तरायला लावले. त्यांच्या गटाला १९९६ साली अमेरिकेत एकस्व मिळाले आणि ते तंत्र वाय-फायमध्ये आले.

मुळातली अडचण वयाची आहे. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, गाडी पंधरा वर्षे चालते. नवा फोन दरवर्षी नवी भाषा शिकतो. गाडीचा पडदा कारखान्यातून निघाला तेव्हाचीच बोलतो, कोणी मुद्दाम नवी शिकवली नाही तर.

आम्ही यादी रिकामी केली. सहा आकडे दोन्हीकडे सारखे आले, फोन जुळला. चालकाने हौसेने नकाशा लावला. पडदा कोरा राहिला. नकाशा आणायला मनोरा लागतो आणि तेथे तो नव्हता. मागच्या बाकावरून आवाज आला, "सांगत होतो ना सर, रेंज नाही."