हिरवी रंगद्रव्ये, आर्सेनिकयुक्त

तांबे व आर्सेनिक यांच्या संयुगांपासून तयार केलेली कृत्रिम हिरवी रंगद्रव्ये. एकोणिसाव्या शतकात यूरोपात वॉलपेपर, कापड, कृत्रिम फुले, पुस्तकांची वेष्टने व खेळणी यांसाठी ती विपुल प्रमाणात वापरली गेली. हिरवा रंग मनाला विसावा देतो, या समजुतीचा त्यांच्या प्रसारात मोठा वाटा होता.

तत्पूर्वी टिकाऊ हिरवा रंग मिळणे कठीण होते. तांब्यापासून होणारा जंगाल कालांतराने तपकिरी पडे. निळ्यावर पिवळा चढवून केलेल्या हिरव्यातील पिवळा विटून जाई. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) यांनी १७७५ मध्ये कॉपर आर्सेनाइट हे हिरवे द्रव्य शोधले व १७७८ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. त्याहून तेजस्वी असा पाचूसारखा हिरवा १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे तयार होऊ लागला. लीबिक यांनी १८२२ मध्ये त्याचे रासायनिक विवरण दिल्यावर त्याची कृती गुपित राहिली नाही. हाच रंग पुढे पॅरिस हिरवा, एमराल्ड हिरवा इ. नावांनी बाजारात आला.

याच काळात रंगांच्या मानसिक परिणामांविषयी नवे चिंतन सुरू झाले होते. गटे (१७४९–१८३२) यांनी १८१० मधील आपल्या रंगविषयक ग्रंथात हिरव्यापाशी डोळा व मन दोन्ही विसावतात असे प्रतिपादन करून, नेहमीच्या वावराच्या खोल्यांसाठी बहुधा याच रंगाचा वॉलपेपर निवडतात, अशी नोंद केली. धुरकट औद्योगिक शहरांतील मध्यमवर्गाला बागेचा भास घरात आणावासा वाटणे स्वाभाविक होते. इंग्लंडमध्ये १८३६ साली वॉलपेपरवरील कर रद्द झाला, यांत्रिक छपाई आली आणि पानाफुलांच्या आकृतिबंधांचे कागद सामान्य घरांतही पोहोचले. बैठकीच्या खोलीइतकाच, किंबहुना अधिक, हा रंग निजण्याच्या व मुलांच्या खोल्यांत योग्य मानला गेला.

लेओपोल्ट ग्मेलीन यांनी १८३९ मध्येच, दमट खोल्यांतील अशा कागदांना उग्र वास येतो व ते आरोग्यास घातक आहेत, असा जाहीर इशारा दिला होता. तो फारसा मानला गेला नाही. एकाच खोलीत राहणाऱ्यांपैकी काही आजारी पडत व काही धडधाकट राहत, त्यामुळे डॉक्टरांतही मतभेद होते. कारखान्यांतील कामगारांबाबत मात्र संशयाला जागा नव्हती. कृत्रिम पानांवर हिरवी पूड चढविणाऱ्या मुलींच्या हातांवर व चेहऱ्यावर व्रण उठत. १८६१ मध्ये लंडनमध्ये मॅटिल्डा शोयरर ही एकोणीस वर्षांची फूलकामगार आर्सेनिकाच्या विषबाधेने मरण पावली. पुढील वर्षी त्याच शहरातील लाइमहाउस भागात एका कुटुंबातील मुलांच्या मृत्यूचा संबंध घरातील हिरव्या वॉलपेपरशी जोडला गेला. परंतु चौकशीत तो सर्वमान्य झाला नाही. त्याच वर्षी ‘पंच’ साप्ताहिकाने हिरव्या पोशाखांवर व्यंगचित्र काढून आर्सेनिकी नृत्याची थट्टा केली.

निसर्गाकडे परतण्याचा आग्रह धरणारे विल्यम मॉरिस (१८३४–९६) यांचा या प्रकरणाशी आलेला संबंध विशेष उद्‌बोधक आहे. १८६४ मध्ये विक्रीस आलेल्या त्यांच्या ‘ट्रेलिस’ या वॉलपेपरच्या नमुन्यातील हिरव्या पानांत आर्सेनिक असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणात आढळले. आर्सेनिकाचे मोठे उत्पादन करणाऱ्या डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाण कंपनीत त्यांच्या कुटुंबाचे भाग होते व स्वतः मॉरिस १८७५ पर्यंत तिचे संचालक होते. १८८५ सालीही ते ही भीती डॉक्टरांनी उगाच पसरविल्याचे मानत होते. हस्तकलेतील कामगाराच्या आनंदाविषयी इतके लिहिणाऱ्या या विचारवंताने खाणकामगारांच्या हालांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

दमट भिंतीवरील बुरशी रंगद्रव्यापासून आर्सेनिकयुक्त वायू निर्माण करते, हे इटालियन वैद्य बार्तोलोमेओ गोझ्यो यांनी १८९० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखविले. हा वायू ट्रायमिथिल आर्सीन असल्याचे फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले. तथापि या वायूची विषाक्तता समजली जाते तितकी नाही आणि अपायाचे कारण कागदावरून झडणारी धूळ असावी, असे मत २००५ मध्ये मांडले गेले.

काही जर्मन राज्यांनी व स्वीडनने अशा रंगांवर निर्बंध घातले. ब्रिटनमध्ये कायद्याने वॉलपेपरवर बंदी आली नाही. ग्राहकांच्या धास्तीमुळे उत्पादकांनीच ‘आर्सेनिकरहित’ अशी जाहिरात सुरू केली. १८५९ मध्ये गिन्ये यांनी एकस्व घेतलेला क्रोमियमयुक्त व्हिरिडियन हा निर्धोक पर्याय होता, पण तो महाग पडे. पॅरिस हिरवा मात्र बाजारातून गेला नाही. अमेरिकेत १८६७ च्या सुमारास बटाट्यावरील किडीसाठी व १९२० नंतर मलेरियाच्या डासांच्या अळ्या मारण्यासाठी तो फवारण्यात येऊ लागला. जे विष लोक घरात विश्रांतीसाठी लावीत, तेच आता विष म्हणून विकले जात होते.

हिरव्या रंगाचा विसाव्याशी असलेला संबंध यामुळे तुटला नाही. सॅन फ्रॅन्सिस्को येथील शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये शस्त्रक्रियागृहासाठी हिरवा रंग निवडला. रक्ताच्या लाल रंगाकडे सतत पाहून शिणलेल्या डोळ्यांना त्याच्या पूरक रंगाने आराम मिळावा, हे त्यामागील कारण होते. जुन्या रंगद्रव्यांचा प्रश्न मात्र ग्रंथालयांत टिकून आहे. अमेरिकेतील विंटरटूर संग्रहालयाने २०१९ मध्ये एकोणिसाव्या शतकातील हिरव्या कापडी बांधणीच्या पुस्तकांची तपासणी हाती घेतली व अनेक वेष्टनांत आर्सेनिक आढळले. २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अशी चार पुस्तके वाचकांच्या हाताबाहेर ठेवली.