ऑफिसातले पर्यावरणाचे नियम टिकत का नाहीत? हिवरे बाजारकडून काय शिकता येईल?

दरवर्षी ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनी, अनेक ऑफिसांत आणि कारखान्यांत नवे नियम लागू होतात. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे वेगळे डबे येतात, प्लास्टिकच्या बाटल्या बंद होतात, एसी २४ अंशांवर ठेवण्याची सूचना भिंतीवर लागते. दिवाळीपर्यंत मात्र दोन्ही डब्यांत सारखाच कचरा दिसू लागतो. असं का होतं?

बहुतेक वेळा नियम योग्य असतो, तो आणण्याची पद्धत चुकते. ही पद्धत नीट आखण्याला 'चेंज मॅनेजमेंट' म्हणजे बदलाचं व्यवस्थापन म्हणतात. त्याचं एक चांगलं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावात आहे. गाव म्हणजे कंपनी नाही. तिथे नियम मोडणाऱ्याला नोकरीवरून काढता येत नाही. म्हणूनच तिथे नियम कसे टिकले, हे पाहण्यासारखं आहे.

हिवरे बाजारमध्ये काय घडलं?

नगर तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, लोक मजुरीसाठी बाहेर पडले आणि दारू वाढली. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली आणि गावाने पाच सूत्रं स्वीकारली : नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान. शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवरही बंधन आलं. २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे नियम टिकले कसे?

- आधी विश्वास, मग बंधन. सुरुवातीला शाळेसारखी सगळ्यांच्या गरजेची कामं हाती घेतली गेली. त्यातून विश्वास तयार झाला आणि मग कठीण नियम आले.
- बंदीसोबत पर्याय. चराईबंदीचा पहिला फटका जनावरं मोकळी सोडणाऱ्यांना बसणार होता. त्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. गवत वाढलं, तसा दुधाचा धंदाही वाढला. नव्वदच्या दशकात गावात दिवसाला सुमारे १५० लिटर दूध निघायचं. पुढे ते काही हजार लिटरवर गेलं.
- निर्णय ग्रामसभेत. ज्यांना नियम पाळायचा होता, तेच तो ठरवायला बसले होते.
- सगळ्यांसमोर हिशेब. पाऊस किती पडला, पाणी किती साठलं, पिण्याला किती आणि शेतीला किती, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो. पिकं त्यानुसार ठरतात. पाणी कमी असेल, तर ते आकड्यांतच दिसतं.

शास्त्र काय सांगतं?

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले. जुनी सवय सैल करणं, नवी सवय लावणं आणि ती पक्की करणं. ऑफिसं बहुधा मधल्याच टप्प्यावर उडी मारतात. डबे येतात, पण ते का आले हे कुणी सांगत नाही आणि महिन्याभराने कुणी विचारतही नाही.

ऑफिसात सुरुवात कुठून करावी?

- त्रास कुणाला होणार, ते आधी शोधावं. कचरा वेगळा करण्याचा नियम साहेबांच्या सहीने निघतो, पण मिसळलेला कचरा हाताने निवडावा लागतो तो सफाई कामगाराला. कागदी कप बंद झाले की कपबशा धुण्याचं काम कँटीनमधल्या माणसावर पडतं. नियम ठरवण्याच्या बैठकीत हे दोघंही हवेत.
- पर्याय आधी, बंदी नंतर. पाण्याचा फिल्टर बसण्याआधी बाटल्या बंद केल्या, तर लोक चिडणारच.
- एका वेळी एकच नियम. तो अंगवळणी पडला की पुढचा घ्यावा.
- आकडा भिंतीवर लावावा. या महिन्याचं वीजबिल किती, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होतं, हे सगळ्यांना दिसू द्यावं.
- साहेबांनाही तोच नियम. केबिनमधला एसी १८ अंशांवर असेल, तर बाहेरच्या सूचनेला कुणी किंमत देत नाही.

नियम रुजला की नाही, हे ओळखणं सोपं आहे. पुढच्या ५ जूनची वाट न पाहता एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी सुक्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून पाहावं.