सोपाऱ्याचा तुकडा आणि गिरनारची प्रत

वसईजवळच्या निर्मळला कार्तिक वद्य एकादशीची जत्रा भरली की तिचे फोटो आणि व्हिडिओ आता घरोघरच्या फोनांत साठतात. मग ते लॅपटॉपवर जातात, क्लाउडवर चढतात, आणि इतक्या ठिकाणी आहेत म्हणजे राहतीलच, असे सगळे धरून चालतात. एकच मजकूर अनेक ठिकाणी ठेवला तर काय टिकते आणि काय टिकत नाही, याचा फार जुना पुरावा निर्मळच्या शेजारीच मिळालेला आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. मूळ शिळा केव्हाच फुटली होती, बाकीचे लेख गेले होते. तरी हाती आलेली फुटकी अक्षरे कोणत्या लेखाची हे ओळखता आले, कारण तोच मजकूर गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा दूरदूरच्या शिळांवर शाबूत होता. सोपाऱ्याची प्रत हरली, मजकूर हरला नाही.

यावर कोणी म्हणेल, अशोकाला प्रचार करायचा होता, जतन नव्हे. पण पाचव्या आणि सहाव्या लेखात त्याने स्वतःच सांगितले आहे की हे दीर्घकाळ टिकावे आणि वंशजांनी त्याप्रमाणे वागावे यासाठी कोरले आहे. चौदावा लेख तर आणखी मोकळा आहे. मजकूर कुठे थोडक्यात, कुठे मध्यम, कुठे विस्ताराने लिहिला आहे आणि काही ठिकाणी लिहिणाऱ्याच्या चुकीने अपुरा राहिला आहे, अशी कबुली त्यात आहे. प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत हे सम्राटाला ठाऊक होते आणि ते त्याने चालवून घेतले. ही ढिलाई इतिहासाच्या पथ्यावर पडली. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही. अकरा ते तेरा हे लेख गाळून तिथे दोन स्वतंत्र लेख घातले आहेत. धौलीतला हा फेरफार आपोआप साऱ्या शिळांवर उमटला असता, तर त्या युद्धाची अशोकाने स्वतः सांगितलेली हकीकत कायमची पुसली गेली असती. आजच्या सिंकमध्ये नेमके हेच घडू शकते. एका फोनवर फोटो पुसला की टॅबवरून, लॅपटॉपवरून आणि क्लाउडवरूनही तो जातो. काही सेवा पुसलेले थोडे दिवस कचरापेटीत ठेवतात, पण ती मुदत संपेपर्यंत चूक लक्षात येईलच असे नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, आणि बॅकअपची किंमत तो मूळ संग्रहापासून किती अलिप्त आहे यावर ठरते.

नुसत्या संख्येने भागत नाही, हे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराण’ या मराठी काव्यग्रंथावरून दिसते. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या. त्यांतली एकही प्रत आज ज्ञात नाही. छापखाना गोव्याचा, वाचक त्याच मुलखातले, आणि १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ग्रंथ तरला तो कानडा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. अशा पोथ्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. सगळ्या प्रती एकाच ठिकाणी असण्याचा हा धोका घरातही असतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी तुंबून लोकल बंद पडल्या, तळमजल्यावरची घरे भिजली. अशा घरात एकाच कपाटात ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क म्हणजे हिशेबाला एकच प्रत. दुसरी पुण्याच्या बहिणीकडे असेल, तरच ती दुसरी.

आक्षेप खर्चाचाही घेतला जातो, आणि तो खोटा नाही. हजारो फोटोंच्या तीन-तीन प्रती ठेवणे प्रत्येकाला परवडत नाही. पण शिळेवर कोरायला अशोकानेही मोजकेच निवडले होते, आणि फोटो निवडायला पैसे लागत नाहीत.

प्रत टिकूनही निरुपयोगी ठरते, ही त्याहून अवघड गोष्ट. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीत आणवले, तेव्हा त्यांवरचे वाचणारा एकही माणूस मिळाला नाही. ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली. सोपाऱ्याच्या तुकड्याला गिरनारची साक्ष होती आणि वाचणारा पंडितही होता. कौटुंबिक फोटोला अशी साक्ष सहसा नसते. म्हणून फाइलच्या नावात साल, गाव आणि माणसांची नावे घालण्याचे काम क्लाउडवाल्या कंपनीवर सोपवून चालत नाही. ते ज्यांना चेहरे ओळखता येतात त्यांनीच, अजून ओळखता येतात तोवर, करायचे असते.