क्रोल ऑपेरा: चार वर्षांचा प्रयोग आणि एक मतदान

१/ २३ मार्च १९३३, बर्लिन. जर्मन संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार हिटलरच्या सरकारच्या स्वाधीन केला. हे मतदान संसद भवनात झाले नाही. ते एका ऑपेरागृहात झाले. दोनच वर्षांपूर्वी त्याच सभागृहात युरोपातील सर्वांत धाडसी वाद्यवृंदांपैकी एक वाजत होता. त्याची ही कहाणी. 🧵

२/ ही वास्तू मूळची १८४४ ची. योझेफ क्रोल या व्यावसायिकाने उभारलेले ते करमणूकगृह होते. मालक बदलले तरी नाव टिकले. १९२० च्या दशकात प्रशियाच्या सरकारी ऑपेराची दुसरी शाखा येथे सुरू झाली. फोल्क्सब्यून या प्रेक्षकसंघटनेमुळे कामगार व सामान्य नागरिकांना तेथे स्वस्तात जागा मिळत.

३/ १९२७ मध्ये ओटो क्लेम्परर या वाद्यवृंद-संचालकाकडे क्रोलची सूत्रे आली. १९ नोव्हेंबर रोजी बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने आरंभ झाला. नेपथ्यकार एवाल्ड ड्यूलबर्ग यांनी वास्तवदर्शी तुरुंगाऐवजी भौमितिक ठोकळ्यांचा रंगमंच रचला. जुन्या कृती नव्या दृष्टीने आणि नव्या कृती निर्भयपणे, हे क्रोलचे धोरण पहिल्याच रात्री स्पष्ट झाले.

४/ त्यानंतर समकालीन रचनांची रीघ लागली. १९२८ मध्ये स्ट्राविन्स्कीचा ‘ईडिपस रेक्स’ आणि हिंडेमिथचा ‘कार्डिलाक’, १९२९ मध्ये हिंडेमिथच्याच ‘नॉयेस फोम टागे’चा पहिला प्रयोग, १९३० मध्ये शोनबर्गच्या दोन एकांकी ऑपेरा. त्यांपैकी ‘एर्वार्टुंग’ १९०९ मध्येच लिहिला गेला होता. अवघड म्हणून अनेक वर्षे तो कोणी रंगभूमीवर आणला नव्हता.

५/ मराठी संगीत नाटकात पदांच्या मधे गद्य संवाद येतात. अशा ऑपेरांत मात्र नाट्याचा भार बव्हंशी वाद्यवृंदावरच असतो. परिचित चाल नाही, सरळ ताल नाही. त्यामुळे वादकांना प्रत्येक स्वर नव्याने शिकावा लागे. क्लेम्परर तालमींच्या बाबतीत कठोर होते. त्यांच्या जोडीला अलेक्झांडर झेम्लिन्स्की यांच्यासारखा संगीतकारही संचालक म्हणून होता.

६/ रंगमंचही तितकाच नवा होता. ‘टेल्स ऑफ हॉफमन’चे नेपथ्य बाउहाउसच्या मोहोय-नॉज यांनी केले. जानेवारी १९२९ मध्ये वाग्नरचा ‘फ्लाइंग डचमन’ आला, तो दाढीविना आणि पारंपरिक पोशाखाविना. उजव्या गटांच्या दृष्टीने हा राष्ट्रीय वारशाचा अपमान होता. ‘सांस्कृतिक बोल्शेविझम’ हा शिक्का क्रोलवर बसला तो बसलाच.

७/ केवळ विरोधकांनीच क्रोल बंद पाडले असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. १९२९ नंतरच्या मंदीत सरकारी तिजोरी रिकामी झाली. एका शहरात सरकारी ऑपेरा दोन कशाला, हा प्रश्न विधिमंडळात सहज पटला. शिवाय ज्या सामान्य प्रेक्षकांसाठी हे गृह होते, त्यांपैकी अनेकांना परिचित, गोड ऑपेराच हवे होते. क्रोलच्या मागे उभे राहणारे थोडेच उरले.

८/ शेवटच्या हंगामातही यानाचेकचा ‘फ्रॉम द हाउस ऑफ द डेड’ सादर झाला. कैद्यांच्या छावणीतील माणसांची ती कथा. ३ जुलै १९३१ रोजी मोझार्टच्या ‘फिगारो’ने पडदा पडला. क्लेम्परर न्यायालयात गेले. निकाल विरोधात लागला.

९/ फेब्रुवारी १९३३ मध्ये संसद भवनाला आग लागली. समोरच क्रोलचे रिकामे सभागृह होते. संसद तेथे भरू लागली. २३ मार्चला सशस्त्र नाझी पथकांच्या वेढ्यात अधिकारदान कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधातील सर्व मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कम्युनिस्ट सदस्यांना येऊच दिले नव्हते. एप्रिलमध्ये ज्यू कुळातील क्लेम्पररनी देश सोडला.

१०/ १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवरील हल्ल्याचे भाषण हिटलरने येथूनच केले. पुढे बॉम्बहल्ल्यांत वास्तू उद्ध्वस्त झाली आणि १९५१ मध्ये तिचे अवशेषही पाडले गेले. १९३१ मध्ये क्रोल बंद झाले, तेव्हा तो अनेकांना जमाखर्चाचा साधा निर्णय वाटला होता. त्या सभागृहात पुढे काय घडणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

#इतिहास #संगीत #बर्लिन