एका गुणाचा विजय

हरलेल्या सामन्याची चर्चा लोक करतात यांत नवल नाहीं. परंतु थोडक्यांत जिंकलेल्या सामन्याची चर्चा त्याहून अधिक दिवस चालते व ती ऐकण्यास अधिक मौजेची असते, असा आमचा अनुभव आहे. हरणाऱ्यांस एकच प्रश्न पडतो : हें कोणामुळें झालें? थोडक्यांत जिंकणाऱ्यांचें मन मात्र द्विधा असतें. आपल्या नायकाच्या शहाणपणामुळें आपण जिंकलों, कीं त्याच्या चुका पोटांत घालून दैवानें आपणांस जिंकूं दिलें, याचा निकाल त्यांस लावतां येत नाहीं. आणि विजयाची माळ गळ्यांत पडलेली असल्यामुळें तो लावण्याची निकडहि भासत नाहीं. ही मनोवृत्ति पाहावयाची तर अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलकडे वळावें, आणि त्या खेळाच्या इतिहासांतहि ६ डिसेंबर १९६९ रोजीं टेक्सस व आर्कान्सॉ या दोन विद्यापीठांत झालेल्या सामन्याकडे. टेक्ससनें तो १५ विरुद्ध १४, म्हणजे केवळ एका गुणानें, जिंकला.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस फुटबॉल म्हटलें कीं पायांनीं खेळावयाचा चेंडू आठवेल. अमेरिकेंतील हा खेळ निराळा. दोहों बाजूंस अकरा अकरा गडी असतात. चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन धांवतात किंवा फेंकतात. ज्या संघाकडे चेंडू असतो त्यास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकला तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणून तीन प्रयत्न अपुरे पडले म्हणजे चौथ्या वेळीं चेंडू लाथेनें दूर उडवून देणें हा रूढ शहाणपणा. चेंडू गोलरेषेपलीकडे नेला कीं ‘टचडाऊन’चे सहा गुण, खांबांमधून लाथाडला तर ‘फील्ड गोल’चे तीन. टचडाऊननंतर आणखी एक संधि मिळते : लाथ मारून एक गुण घ्यावा, किंवा, १९५८ पासून कॉलेजांच्या खेळांत आलेल्या नियमाप्रमाणें, तीन यार्डांवरून चेंडू पुन्हां आंत नेऊन दोन घ्यावे. पहिली गोष्ट जवळजवळ हमखास साधते, दुसरी ढोबळ मानानें निम्म्या वेळां. जादा वेळ खेळवून निकाल लावण्याची पद्धति त्या काळीं नव्हती. बरोबरी झाली तर ती बरोबरीच राही. आणि मुख्य गोष्ट ही कीं, प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ क्षणभर थांबतो. त्या अवधींत कडेला उभा असलेला प्रशिक्षक पुढचा डाव ठरवितो, आणि हजारों प्रेक्षकहि त्याच अवधींत आपापला डाव ठरवून मोकळे होतात. चर्चेचें बीज येथें आहे.

१९६९ हें या खेळाचें शताब्दीचें वर्ष. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सींत रटगर्स व प्रिन्स्टन या कॉलेजांत पहिला सामना झाला असें मानतात. शताब्दीस साजेसा शेवट व्हावा या हेतूनें एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या आग्रहावरून टेक्सस-आर्कान्सॉ सामना ऑक्टोबरांतून उचलून हंगामाच्या अखेरीस ठेवण्यांत आला. अंदाज अचूक ठरला. नोव्हेंबरांत अग्रस्थानीं असलेला ओहायो स्टेटचा संघ मिशिगनकडून हरला. टेक्सस पहिल्या व आर्कान्सॉ दुसऱ्या क्रमांकावर आलें, आणि दोन्ही संघ तोंवर अजिंक्य होते. अध्यक्ष निक्सन हेलिकॉप्टरनें फेएटव्हिल येथें आले, ते विजेत्यांस द्यावयाचें मानचिन्ह बरोबर घेऊनच. पेन स्टेटचा संघहि त्या वर्षीं एकहि सामना हरला नव्हता. देशांतील पहिला संघ कोणता हें राष्ट्राध्यक्षांनीं परस्पर ठरवून टाकावें, हें त्या संघाच्या चाहत्यांस मुळींच रुचलें नाहीं. तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

टेक्ससचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल व आर्कान्सॉचे फ्रँक ब्रॉइल्स हे दोघेहि नांवाजलेले, आणि एकमेकांचे स्नेहीहि. रॉयल यांची ख्याति धांवण्याच्या खेळाबद्दल. चेंडू फेंकला तर तीन गोष्टी संभवतात व त्यांपैकीं दोन वाईट, अशा अर्थाचें एक वचन त्यांच्या नांवावर सांगतात. त्यांचे सहाय्यक एमरी बेलार्ड यांनीं १९६८ सालीं बसविलेली ‘विशबोन’ नांवाची रचना सारी धांवणाऱ्यांच्या पायांवर उभी होती. त्या दिवशीं मात्र हे पाय अडखळत राहिले. सबंध सामन्यांत टेक्ससनें सहा वेळां चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं दिला. तीन चतुर्थांश खेळ संपला तेव्हां आर्कान्सॉचे गुण चौदा व टेक्ससचें शून्य. चौथ्या भागाच्या पहिल्याच डावांत टेक्ससचा क्वार्टरबॅक जेम्स स्ट्रीट अंगावर येणाऱ्यांच्या तावडींतून निसटला आणि ४२ यार्ड धांवून पार झाला. १४-६.

येथें रॉयल यांचा पहिला निर्णय येतो. सामान्य प्रेक्षकाची बुद्धि सांगते कीं मिळतो तो एक गुण घ्यावा, १४-७ करावे, व पुढें टचडाऊन झालें म्हणजे काय तें पाहावें. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, असें आपल्याकडेहि म्हणतात. रॉयल यांनीं सामन्यापूर्वींच उलट ठरवून ठेवलें होतें : पहिल्या टचडाऊनलाच दोनांसाठीं जावयाचें, कारण बरोबरी नको. स्ट्रीटनें चेंडू स्वतःपाशींच ठेवून आंत सूर मारला. १४-८.

हें साहस दिसतें, पण हिशेब करून पाहावा. पिछाडी चौदांची होती. दुसरें टचडाऊन मिळेलच असें घटकाभर धरून चालूं. प्रथम एक गुण घेतला तर दुसऱ्या टचडाऊननंतर १४-१३ होतील. तेव्हां लाथ मारली तर बरोबरी; दोनांसाठीं गेलें तर निम्म्या वेळां जय, निम्म्या वेळां पराजय. आतां दुसरा मार्ग. प्रथमच दोनांसाठीं गेलें व तें साधलें, तर पुढें एका साध्या लाथेनें जय. हें निम्म्या वेळां घडेल. न साधलें, तर दुसऱ्या वेळीं पुन्हां दोनांसाठीं जातां येतें, व त्यांतहि निम्म्या वेळां बरोबरी पदरांत पडते. म्हणजे जयाची शक्यता कायम राहिली, आणि पराजयाची निम्म्यावरून चतुर्थांशावर आली. जय हवाच असेल तर पैज आधीं लावण्यांत तोटा नाहीं. फसली तर सांवरण्यास वेळ उरतो. हें गणित शाळेंतल्या मुलासहि समजेल, पण भरल्या मैदानाच्या गर्जनेंत तें सुचणें कठीण. म्हणून तें आधींच ठरवून ठेवण्यांत रॉयल यांचें कसब आम्हांस दिसतें. बरोबरीची त्यांस एवढी धास्ती कां, हेंहि समजण्यासारखें आहे. तीनच वर्षांपूर्वीं, १९ नोव्हेंबर १९६६ रोजीं, नोटर डेमचे प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनीं मिशिगन स्टेटविरुद्ध अखेरच्या क्षणीं जोखीम न घेतां वेळ काढला व १०-१० अशी बरोबरी पत्करली होती. अग्रस्थान त्यांनाच मिळालें. पण त्याबरोबर जी निर्भर्त्सना मिळाली तिनें पुष्कळ वर्षें त्यांची पाठ सोडली नाहीं.

मग आर्कान्सॉची पाळी आली. रेटत रेटत तो संघ टेक्ससच्या सात यार्डांपर्यंत पोंचला. प्रयत्न तिसरा. येथून फील्ड गोल साधला असता तर १७-८ झाले असते, आणि नऊ गुणांची पिछाडी एका टचडाऊननें भरून निघत नाहीं. आर्कान्सॉनें चेंडू फेंकला. बिल मॉन्टगोमेरीचा तो चेंडू टेक्ससच्या डॅनी लेस्टरनें गोलरेषेपलीकडे झेलला, आणि फील्ड गोलची संधि गेली ती गेलीच. या एका डावाबद्दल ब्रॉइल्स यांस वर्षानुवर्षें बोल लागला. वास्तविक तो चेंडू नुसता हुकता तर चौथ्या प्रयत्नांत फील्ड गोल मारतां आलाच असता. आपल्या गड्यानें झेलला असता तर सामना तेथेंच संपता. वाईट शक्यता एकच होती, व नेमकी तीच घडली. थोडा लोभ झाला असें म्हणावें. अविचार म्हणूं नये.

पांच मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला असतां टेक्सस आपल्याच ४३ यार्डांवर अडकलें. चौथा प्रयत्न, आणि तीन यार्ड हवे. चेंडू उडवून द्यावा तर तो पुन्हां केव्हां हातीं येईल याचा भरंवसा नाहीं. धांवून तीन यार्ड मिळविणें हें तर या संघाचें रोजचें काम. रॉयल यांनीं स्ट्रीटला सांगितलें : ‘राइट ५३ व्हीअर पास’. म्हणजे रँडी पेशेल याच्याकडे लांब फेंक. स्ट्रीट जाऊं लागला, अर्ध्या वाटेंतून परतला, आणि खरोखर हाच डाव हवा ना, असें त्यानें विचारून घेतलें. गड्यांच्या घोळक्यांत शिरल्यावर प्रतिपक्षाचे डोळे आपल्याकडे आहेत हें ओळखून त्यानें बोट केलें कॉटन स्पायररकडे, आणि शब्द उच्चारले पेशेलसाठीं. दोन रक्षक अंगाशीं भिडलेले असतांना चेंडू त्यांच्या हातांवरून पेशेलच्या ओंजळींत पडला. ४४ यार्ड! पुढच्या दोन डावांत टेड कॉय व जिम बर्टेल्सन यांनीं उरलेलें अंतर कापलें, १४-१४. हॅपी फेलरनें लाथेनें पंधरावा गुण मिळविला. आर्कान्सॉ पुन्हां चाल करून आलें, परंतु मिनिटभराच्या सुमाराचा वेळ उरला असतां टॉम कॅम्पबेलनें त्यांचा चेंडू झेलला आणि सामना संपला.

लोकांच्या तोंडीं राहिली ती ही लांब फेंक. रॉयल यांनीं स्वतः मात्र पुढें प्रांजळपणें सांगितलें कीं अशा वेळीं तर्क चालत नाहीं, मनाचा कौल घ्यावा लागतो. आमच्या मतें कीर्तीची ही वांटणी उलटी झाली. फेलरची साधी लाथ विजयास पुरली ती आधींच्या दोन गुणांमुळें. तो निर्णय विचाराचा होता, आणि त्याची आठवण फेंकीच्या मानानें फारच थोड्यांस आहे. फेंक वीतभर लांब पडती तर? चेंडू टेक्ससच्या ४३ यार्डांवर आर्कान्सॉकडे गेला असता, आणि तीन यार्ड हवे असतांना चव्वेचाळीस यार्डांवर चेंडू भिरकावणारा शहाणा म्हणून रॉयल यांची थट्टा ऑस्टिन शहरांत घरोघर झाली असती. त्यांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, ज्या संघाचा सारा लौकिक धांवण्याचा, त्याच्याकडून अशा वेळीं फेंकीची अपेक्षा कोणी करीत नाहीं. पण तेवढ्यानें एका प्रशिक्षकाची फेंक प्रतिभा व दुसऱ्याची फेंक मूर्खपणा ठरत नाहीं. पदरीं पडलें पवित्र झालें, हाच न्याय विजेत्यांच्या चाहत्यांनीं लावला.

तथापि लोक नेहमीं निकालाकडेच पाहतात असेंहि म्हणवत नाहीं. २ जानेवारी १९८४ रोजीं ऑरेंज बोल सामन्यांत नेब्रास्काचा संघ मायामीविरुद्ध ३१-३० असा एका गुणानें मागें होता, ४८ सेकंद उरले होते, आणि एका लाथेच्या बरोबरीनें बहुधा अग्रस्थान मिळालें असतें. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न दोनांसाठीं गेले. चेंडूस मायामीच्या रक्षकाचा हात लागला व सामना गेला. तरीहि त्या निर्णयाचा उल्लेख बहुतेक ठिकाणीं आदरानेंच होतो. जेथें शीलाचा प्रश्न दिसतो तेथें लोक पराभवहि माफ करतात. शहाणपणाच्या प्रश्नांत मात्र निकालावांचून दुसरा साक्षीदार त्यांस चालत नाहीं.

फेएटव्हिलच्या त्या सामन्यामागें आणखी एक निर्णय होता, आणि त्याची चर्चा मैदानाच्या बांकांवर डावपेचांइतकी खचित झाली नसेल. दोन्ही संघांत एकहि कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असे खेळाडू मिळत नव्हते म्हणावें, तर याच साऊथवेस्ट कॉन्फरन्समध्यें जेरी लेव्हायस हा कृष्णवर्णीय खेळाडू १९६६ ते १९६८ या काळांत सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठातर्फे खेळून गाजला होता. ज्यूलियस व्हिटियर टेक्सस विद्यापीठांत आलेला होता. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस मुख्य संघांत खेळण्याची तेव्हां मुभा नसल्यामुळें तो १९७० सालीं मैदानावर उतरला. राष्ट्रीय विजेत्या संघांपैकीं केवळ श्वेतवर्णीयांचा असा शेवटचा संघ म्हणून १९६९ च्या टेक्ससची इतिहासांत नोंद आहे. चौथ्या प्रयत्नांत चेंडू कोणाकडे फेंकावा हें जसें प्रशिक्षकाच्या हातीं, तसें संघांत कोणास घ्यावें हेंहि पुष्कळ अंशीं त्याच्या व विद्यापीठाच्या हातीं असतें. पहिल्या गोष्टीचा जाब दुसऱ्याच दिवशीं विचारला जातो. दुसरीचा विचारण्यास बराच काळ जावा लागला.

टेक्ससचा फ्रेडी स्टाइनमार्क त्या दिवशीं दुखऱ्या पायानें खेळला. दुखण्याचें कारण कोणास ठाऊक नव्हतें. सामन्यानंतर हाडांत कर्करोगाची गांठ असल्याचें आढळलें व १२ डिसेंबर रोजीं त्याचा पाय कापावा लागला. १ जानेवारी १९७० रोजीं डॅलस येथें कॉटन बोल सामन्यांत टेक्ससनें नोटर डेमवर २१-१७ असा विजय मिळविला, तेव्हां तो कुबड्यांच्या आधारानें कडेला उभा होता. १९७१ च्या जूनमध्यें तो वारला.

रॉयल व ब्रॉइल्स यांचा स्नेह या सामन्यानें तुटला नाहीं. ४ डिसेंबर १९७६ रोजीं ऑस्टिन येथें त्यांचे संघ पुन्हां समोरासमोर आले, व त्या सामन्यानंतर दोघांनींहि प्रशिक्षकपद सोडलें. टेक्ससनें तो सामना २९-१२ असा जिंकला. सतरा गुणांच्या त्या विजयांतील डावांवर कोणी वाद घातल्याचें आमच्या कानीं आलेलें नाहीं.