पाणी देण्याची रीत

हल्ली चार वयस्क माणसे एकत्र जमली, की थोड्याच वेळात संभाषण एका ठरलेल्या खेदावर येऊन ठेपते. पूर्वीची माणुसकी राहिली नाही, दारी आलेल्यास कोणी पाणीसुद्धा विचारीत नाही, लहानांच्या तोंडी आदराचा शब्द उरला नाही, असा तो खेद होय. आम्हीही पन्नाशी ओलांडली असल्यामुळे या मंडळीत आम्हांस आपोआपच जागा मिळते. आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्याबरोबर मान डोलावण्याचे सुख आम्ही पुष्कळदा घेतले आहे. परंतु इतिहास शिकविणाऱ्याने 'पूर्वी' हा शब्द उच्चारला, की 'पूर्वी म्हणजे केव्हा?' हे त्यास स्वतःलाच विचारणे भाग पडते. आमचा जन्म जुन्नरचा. तेथे हा प्रश्न दगडांनाही विचारता येतो.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. प्रवासी चैत्यगृहाची कमान पाहतात, लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे दर्शन घेतात आणि पायऱ्या उतरतात. भिंतींवरील लेखांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या लेखांत 'पोढी' हा शब्द पुनःपुन्हा येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिले, त्यासोबत एक पोढी दिली. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने 46 या वर्षी मंडप दिला, तोही पोढीसह. नाणेघाटातील राणी नागनिकेचा लेख सुप्रसिद्धच आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाईंची व कार्षापणांची त्यातील मोजदाद वाचून विद्यार्थी थक्क होतात. त्याच घाटात एका टाक्यावर एवढीच एक ओळ आहे, की ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान होय. सोपारा हे समुद्रकाठचे बंदर. कोकणातून ती उभी चढण चढून आलेल्या माणसासच त्या ठिकाणी पाण्याचे मोल समजावे, यात नवल नाही. राणीच्या लेखाविषयी आम्हांस आदर आहे; पण वैशाखात घाट चढून गेल्यावर आमची भक्ती गोविंददासाकडे वळते, हे कबूल केले पाहिजे.

या दानांत आम्हांस विशेष वाटते ते हे, की देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नाही. यवनाने संघास दिले व संघाने ते यवनाच्या नावासकट स्वीकारले. जो पुढे कधी तरी त्या वाटेने येईल, त्याच्यासाठी पाणी भरून ठेवलेले आहे. आमच्या मंडळींना अभिप्रेत असलेले 'पूर्वी' ते हेच असते, तर आमची काही तक्रार नव्हती. परंतु त्यांचे 'पूर्वी' इतके जुने नाही. ते आमच्या आजोबांच्या ओट्यापर्यंतच पोहोचते, आणि तो ओटा आम्ही स्वतः पाहिलेला आहे.

जुन्नरच्या पेठेतील आमच्या घरापुढे बाजाराच्या दिवशी आजोबा मातीचा रांजण भरून ठेवीत. खेड्यापाड्यांतून डोक्यावर ओझी घेऊन आलेली माणसे तेथे टेकत, पाणी पीत, गुळाचा खडा तोंडात टाकीत व आजोबांना दुवा देऊन पुढे जात. गावात आमच्या घराचे नाव या रांजणामुळे होते. पाणी देण्याचे काम सुट्टीत आमच्याकडे असे. आमचे वय तेव्हा आठ वर्षांचे. काहींना आम्ही पितळी तांब्या हातात देत असू. काही माणसे मात्र ओट्याखाली उभी राहून ओंजळ पुढे करीत, आणि त्यांच्या ओंजळीत आम्ही वरून धार धरीत असू. तांब्याचा हातास स्पर्श होऊ न देण्याची हातोटी आम्हांस चांगली साधली होती. त्यांत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ नेहमी येत. आम्ही त्यांना म्हणत असू, "अरे, नीट धर ओंजळ." ते म्हणत, "धरली मालक, ओता." सत्तरीचा माणूस आठ वर्षांच्या पोरास 'मालक' म्हणे व ते पोर त्यास 'अरे' म्हणे, आणि सबंध पेठेत कोणासही यात शिष्टाचाराचा भंग झालेला दिसत नसे. उलट, मुलगा किती गुणाचा, उन्हात उभा राहून पाणी देतो, अशी आमची तारीफ होई. ती तारीफ आम्हांस अद्याप आठवते. त्या गृहस्थांचे नाव मात्र आम्ही कधी विचारले नाही.

हे कोणत्या काळी घडत होते, तेही सांगितले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला तो 1868 साली. सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झाला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांनी 20 मार्च 1927 रोजी प्राशन केले, आणि त्या तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकालात निघण्यास 1937 साल उजाडावे लागले. पुढे घटना आली, अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. इतके सर्व होऊन गेल्यावर, 1970 नंतरच्या दशकात, आमच्या ओट्यावरून ती धार पडत होती. न्यायालयाचा निकाल आमच्या रांजणापर्यंत आलेला नव्हता.

म्हणूनच परवा घोडेगावच्या एका हॉटेलात वाढणाऱ्या पोराने "साधे की बाटलीचे?" असे तुटकपणे विचारले, तेव्हा आमचे स्नेही रागावले, तरी आम्हांस रागावता आले नाही. शेजारच्या बाकावर डोंगरातून आलेली एक बाई बसली होती. त्याने तिलाही त्याच स्वरात तेच विचारले. पेला तोच, प्रश्न तोच, उर्मटपणाही तोच. आमच्या ओट्यावरील गुळाहून हा उर्मटपणा आम्हांस अधिक सोसवला.

परंतु याचा अर्थ आजचे सर्वच ठीक चालले आहे, असा नव्हे. घोडेगावास आम्ही गेलो होतो ते डिंभ्याचे धरण पाहण्यासाठी. घोड नदीवरील हे धरण कुकडी प्रकल्पाचा एक भाग होय. या प्रकल्पाचे पाणी कालव्यांनी पूर्वेस शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जाते, आणि जेथे कुसळे उगवत तेथे ऊस उभा राहतो. त्या जलाशयाच्या पोटात आंबेगाव आहे. वरच्या खोऱ्यातील लोक बहुतेक महादेव कोळी. तेथे 'पडकई' नावाची रीत आहे: आज सर्वांनी मिळून याच्या उतारावर भातखाचर बांधावयाचे, उद्या त्याच्या. अशा हातांनी घडविलेली जमीनही पाण्याखाली गेली. जलाशय ओसरला म्हणजे उघड्या पडणाऱ्या गाळात काही जण आजही पीक काढतात. आणि वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

दोन टाकी देणाऱ्या इरिलाचे नाव खडकावर अठराशेहून अधिक वर्षे टिकले. करमाळ्यास उसाला पाणी पाजणाऱ्यास हे पाणी कोणी दिले असे विचारले, तर तो सरकारचे नाव घेईल, पुढाऱ्याचे घेईल. यांचे घेणार नाही. त्यांनी दिले असे तरी कसे म्हणावे, त्यांच्याकडून घेतले गेले. आमच्या ओंजळवाल्या गृहस्थांचे नाव आम्ही विचारले नाही, तसेच हेही.

परतताना घोडेगावच्या कचेरीवरून गेलो. आंबेगाव बुडाले, तरी तालुक्याचे नाव कोणी बदललेले नाही. दाराशी एक वृद्ध हातात सातबाऱ्याचा उतारा घेऊन उभे होते. "दादा, एवढं वाचून दाखवता का?" असे त्यांनी विचारले. आम्ही चष्मा काढला आणि वरपासून वाचू लागलो: गाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे.